तीन मजली इमारतीतला आठवा मजला

माझ्या डोक्यावर राहणाऱ्या चष्मेवाल्या वहिनींकडे रोज संध्याकाळी एक पुरुष येतो, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्यांदा कुणी सोडली ते मला ठाऊक आहे. पण नाव सांगणार नाही, कारण तळमजल्यावरच्या मावशींशी मला अजून बोलायचं आहे. बातमीला पुरावे चोख होते. वहिनींचे यजमान जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. दुकानातून घरी आल्या की तासाभरात आतून दणका ऐकू येई. मग धापा. मग वहिनींचाच दबका आवाज, कुणाला तरी उद्देशून: "सावकाश. घाई नको. दार उघडतंय हं." शिवाय 'सातवा', 'आठवा' असंही काहीतरी कानावर येतं, असं सांगून मावशी डोळे अशा काही फिरवत की आधीच्या सहा जणांचा हिशेब ऐकणारीने आपापला लावावा.

आता खरं काय ते सांगते. आमची इमारत तीन मजल्यांची. वहिनी तिसऱ्यावर, मी दुसऱ्यावर, बरोब्बर खाली. त्यांची फरशी ते माझं छत. जिना कोण चढतंय हे मला चपलेच्या आवाजावरून कळतं, आणि वहिनींच्या दारापर्यंत गेलेला शेवटचा पुरुष म्हणजे विजेचं मीटर बघणारा, तोही खोकत खोकत. पण असं नुसतं माहीत असून भागत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून एका संध्याकाळी घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असताना मी रिकामी वाटी घेऊन वर गेले.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आत वहिनी, अंगात यजमानांचा जुना निळा शर्ट, केस वर बांधलेले, उजव्या हातात लोखंडी डंबेल. "चौथा," वहिनी म्हणाल्या, आणि डंबेल खांद्यापासून वीतभर वर आलं. "पाचवा." कानाच्या वर. घाई अजिबात नव्हती. हात सरळ वर गेला, कोपर ताठ झालं, तेव्हा म्हणाल्या, "आठवा मजला. दार उघडतंय. सावकाश उतरा." तिथेच थांबल्या, कुणीतरी खरंच उतरायला लागेल एवढा वेळ. मग तसाच एकेक मजला मोजत हात खाली. डंबेल जमिनीला टेकलं, माझ्या ओळखीचा आवाज झाला, आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "साखर हवी की बातमी?"

मी म्हटलं, "दोन्ही. बातमी आधी."

बातमी त्यांच्या यजमानांपासून सुरू होते. ते लिफ्टमन होते. शहराच्या मध्यावरच्या आठ मजली कचेरीत जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती, तिच्यात एक स्टूल, आणि स्टुलावर हे. लोकांना वर नेणं हा धंदा, पण उचलायचं काम लिफ्टचं. ह्यांनी नुसतं हँडल फिरवायचं आणि मजला पुकारायचा. दिवसभर दुसऱ्यानेच उचललेलं बघून माणसाला वाटत असेल आपणही काही उचलावं. तरुणपणी कुठल्याशा व्यायामशाळेच्या भिंतीवर एक भरदार छातीवाला फोटो बघितला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत डंबेल. मोजायचे मात्र एक-दोन-तीन असं नाही. तोंडाला मजल्यांचीच सवय. तळमजला म्हणजे खांदा, आठवा म्हणजे हात सरळ वर, आणि वर पोचल्यावर उतारू उतरेपर्यंत थांबायचं. लिफ्टमनने दार उघडल्या उघडल्या खाली जाऊन कसं चालेल?

एवढं करून अंगाला काही लागलं? काही नाही. दंड आमच्या जिन्याच्या गजाएवढे होते, ते तसेच राहिले. अंडी झाली, दूध झालं, शेंगदाणे झाले. इमारतीत नाव पडलं काडी पैलवान. वहिनींचं काम चष्म्याच्या दुकानात, लोकांच्या वाकड्या काड्या सरळ करायचं. मी म्हणायची, वहिनी, दिवसभर काड्या हाताळता आणि घरी येऊन पुन्हा काडीच. तेही हसायचे, माणसाचं हसणं छातीपेक्षा मोठं होतं. त्यांच्या वडिलांचं तेच, आजोबांचं तेच. त्या घराण्यातल्या कुठल्याच पुरुषाचं घड्याळ पट्ट्याला जादा भोक पाडल्याशिवाय मनगटावर बसलं नाही. शेवटी त्यांनी शिंप्याला सांगून शर्टाच्या बाह्याच दंडात घट्ट करून घेतल्या, म्हणजे भरल्यासारखं दिसेल. शरीराने नाही दिली ती साथ शिंप्याने दिली.

डंबेलं तीन होती. दोन धाकटी, जोडीतली. आणि एक थोरलं, एकटंच, ज्याची जोडी कधी घेतली गेली नाही. ते थोरलं दिसायला एवढं दांडगं आणि उचलणारा एवढा काटकुळा, की इमारतीत सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, ते आतून पोकळ आहे. कुणी कधी हात लावून बघितला नाही. दुसऱ्याच्या गॅलरीत जाऊन त्याचं लोखंड कोण चाचपतं?

मग कचेरीत बटणांची लिफ्ट आली. ती स्वतःच बोलायची, बाईच्या आवाजात, गोड आणि सपाट. स्टूल निघालं, स्टुलावरचा माणूसही निघाला. घरी बसल्यावर त्यांचं पुकारणं वाढलं. आमचे हे छताकडे बघून म्हणायचे, बरं आहे, आपलं घरबसल्या फिरणं होतं. आणि एका दुपारी पैलवान जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. छत गप्प झालं.

त्यानंतरचं वहिनींनी मला त्या दिवशी साखर मोजून देता देता सांगितलं. दुकानात दिवसभर बोलणं असतं, पण काय असतं? वर बघा, खाली बघा, नाकाला टोचतंय का. घरी आल्यावर तेही नाही. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. एका संध्याकाळी, त्यांच्या मोजण्याच्या वेळेला, घर इतकं गप्प होतं की वहिनी आपणच मोठ्याने म्हणाल्या, पहिला मजला. म्हटल्यावर स्वतःचीच लाज वाटली. रिकाम्या घरात मजला पुकारणारी बाई म्हणजे काय? म्हणून त्यांनी गॅलरीतलं धाकटं डंबेल हातात घेतलं. हातात वजन असलं की ते एकटीचं बोलणं राहत नाही. मोजणं होतं.

पुढे जी गंमत झाली ती आमच्या इमारतीला पचायला जड गेली. वहिनींचे दंड भरले. नुसते भरले असं नाही, दिसायला लागले. जन्मात चष्म्याच्या डबीपेक्षा जड काही न उचललेली बाई, पन्नाशी केव्हाच उलटलेली, आणि बघता बघता यजमानांच्या त्याच शर्टाच्या, शिंप्याने घट्ट केलेल्या बाह्या तिच्या दंडात रुतायला लागल्या. एकदा जिन्यात त्यांनी माझ्या दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि बोलत बोलत वर गेल्या. मी रिकाम्या हातांनी मागून धापा टाकत.

मावशींनी लगेच दुसरी बातमी सोडली: वहिनी पुरुषी इंजेक्शनं घेतात, आता मिशा फुटतील बघा. ही बातमी वर पोचवायचं काम अर्थातच माझं. वहिनी खूप हसल्या. पण हसता हसता त्यांनी दुमडलेली बाही हळूच मनगटापर्यंत ओढली. ती सवय मी कधीपासून बघत होते. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणारी त्या एकच. कारण त्या दिवशी कळलं. वहिनींच्या माहेरी सगळ्यांचे हात असेच, आजीपासून चालत आलेले. थोरल्या भावाचेही. दोघं शेजारी उभी राहिली की पाहुणे भावाच्या पाठीवर थाप मारायचे, काय दणकट गडी आहे. आणि बहिणीकडे बघून आईला सांगायचे, हिला जरा पूर्ण बाह्यांचं शिवत जा. हात तेच. घरही तेच. एकाला थाप आणि दुसरीला बाही.

इंजेक्शनाचा उलगडा वहिनींच्या दुकानातच झाला. हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला, उचलायला शिकवणारी एक डॉक्टरीण त्यांची जुनी गिऱ्हाईक. तिच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. स्क्रू पिळता पिळता वहिनींनी सहज विचारावं तसं विचारून घेतलं. डॉक्टरणीने सांगितलं ते असं: पुरुषाच्या अंगात जे पुरुषी रसायन असतं ते बाईच्या कितीतरी पट, त्यानेच वयात येताना त्याचे खांदे नि छाती भरतात, म्हणून एकूण मांस त्याचं जास्त. पण व्यायामाला लागल्यावर ज्याने-त्याने जिथून सुरुवात केली त्याच्या मानाने बघितलं, तर बाईही जवळजवळ तेवढीच वाढते. त्याला इंजेक्शन लागत नाही, आणि मिशा तर नाहीच नाही. दुसरं म्हणजे माणसामाणसांत फार फरक. तेच वजन, तेच खाणं. एकाचं अंग लगेच धरतं, दुसऱ्याचं वर्षानुवर्षं धरत नाही. त्यातलं बरंचसं आईबापांकडून आलेलं.

वहिनींना हे पटायला वेळ लागला नाही. दुकानात रोज तेच बघतात. बाप आणि लेक चष्मा करायला येतात, दोघांचाही डावा कान उजव्यापेक्षा खाली, दोघांचाही चष्मा तिरका. कान काही वाकवता येत नाही. काडी वाकवायची.

मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. एक माणूस आयुष्यभर रोज उचलत होता, त्याचे दंड कधी भरलेच नाहीत, त्याचं काय चुकत होतं? डॉक्टरीण म्हणाली, चुकत असेलच असं कशाला? उचलायचा किती? वहिनींनी थोरल्याच्या अंगावर कोरलेला आकडा सांगितला आणि उचलायची पद्धत सांगितली, आठ मजले, वर थांबणं, तसंच खाली येणं. डॉक्टरीण चष्मा नाकावर बसवता बसवता थांबली. एका हाताने, असं विचारलं. मग म्हणाली, ताकद दंड न भरताही वाढते. नसा शिकतात. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

वहिनींनी तो आकडा रोज फडक्याने पुसला होता, पण पोकळ लोखंडावरचा आकडा कोण खरा मानतं?

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा थोरल्याला हात घातला. मला खाली आवाजावरून कळलं. धाकट्याचा दणका ठक असा, थोरल्याचा धड. "पहिला," वरून ऐकू आलं. "दुसरा." आणि धड. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा हलला. पुन्हा पहिला, दुसरा, धड. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी वाटी न घेताच वर गेले.

वहिनी फरशीवर बसल्या होत्या, थोरलं पुढ्यात. मला बघून त्यांनी बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि दंड दाखवला, प्रदर्शनात दाखवावा तसा.

"हा बघ. त्यांच्या दीडपट असेल. आणि दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही गं. ते आठव्यावर जाऊन दार उघडून उभे राहायचे. मी समोर बसून भाजी निवडत असायची. मला वाटायचं, हलकं असेल."

 मी शेजारी फरशीवर बसले.

तेव्हापासून वहिनींच्या डोक्यात एकच. थोरलं घेऊन आठव्यावर जायचं. यजमान जिथे रोज उभे राहत होते तिथे एकदा जाऊन बघायचं. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं, पण नेमका त्याच सुमारास मुलीचे फोन वाढले. आई, तू एकटी राहतेस, पडलीस-बिडलीस तर कळणार कुणाला? आमच्याकडे ये, कायमची. जिने चढायला नकोत, लिफ्ट आहे. आमची लिफ्ट बोलतेसुद्धा.

मुलगी गुणाची. काळजी खोटी नव्हती. पण वहिनी तिकडे पंधरा दिवस राहून आल्या होत्या. सकाळी सगळे आपापल्या वाटेने निघून जात, संध्याकाळी आपापल्या खोलीत शिरत. वहिनी मला म्हणाल्या होत्या, दिवसभरात मला हाक मारायचं ते फक्त कपडे धुवायचं मशीन, धुणं झालं की. एकटेपणा इथेही होता, पण इथला ओळखीचा होता. तिथे गेल्यावर थोरलंही राहणार नव्हतं. जागा नाही, आणि आठव्या मजल्याचं पुकारणं ऐकून नातू मित्रांत काय सांगेल? मुलीला तोंडावर नाही म्हणणं वहिनींना जमत नव्हतं. म्हणून त्यांनी अट घातली. बाबांचं थोरलं डंबेल आठव्यावर नेलं की त्या दिवशी सामान बांधते.

मुलगी ताबडतोब हो म्हणाली. तिलाही लहानपणापासून वाटत होतं, ते पोकळ आहे.

झालं, सुरू झाला वहिनींचा प्रवास, आणि माझा छताला कान लावून बसण्याचा. तिसरा मजला आला. चौथ्यावर बरेच दिवस अडकल्या. मध्ये खांदा दुखला म्हणून काही दिवस नुसती धाकटी जोडी. मग पाचवा, आणि थंडी सरता सरता सहावा. इमारतीत आता सगळ्यांना माहीत झालं होतं. मावशी जिन्यात विचारायच्या, काय गं, आज कुठवर? मी सांगायची. मावशी खूश व्हायच्या, आणि मग त्यांच्याही लक्षात यायचं. वहिनी जितक्या वर जात होत्या तितक्या इथून जात होत्या. एकदा मी म्हटलं, वहिनी, जरा सावकाश घ्या, कोण मागे लागलंय? पण थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. रोज तीच वेळ यायची, तेच गप्प घर, आणि गॅलरीत ते एकटं लोखंड.

मंगळवार होता. आमच्या ह्यांना चहा हवा होता. मी पातेलं चढवलं आणि वरून "सहावा" ऐकू आलं, थोरल्याच्या वेळचा आवाज, दातांतून आलेला. "सातवा." मी गॅस बंद केला. बराच वेळ काही नाही. मग "आठवा", अगदी हळू. "दार उघडतंय."

'सावकाश उतरा' काही आलं नाही. मी वाट बघत उभी राहिले. मग सातवा, सहावा, पाचवा, असं खालपर्यंत, आणि शेवटी धड झालं नाही. कुणी झोपलेलं मूल ठेवावं तसं ते ठेवलं गेलं. मला ऐकू जाऊ नये म्हणूनच.

त्या रविवारी मुलगी आणि जावई आले. मीही वर होते, चहाला. बोलावलं नव्हतं, पण बिस्किटं मी नेली होती. जावई व्यायामशाळेत जाणारा, दारात उभा राहिला की खोलीत अंधार. चार महिन्यांत अंग कमावलं असं तो सांगतो आणि त्याच्याकडे बघून खरंही वाटतं. त्याच्या वडिलांचे खांदे मी लग्नात पाहिले आहेत. त्याने गॅलरीतलं थोरलं एका झटक्यात खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या झटक्यात वर फेकल्यासारखं केलं. "असं नाही," वहिनी म्हणाल्या, "मजले मोजत." तो मोजायला लागला. चौथ्यापर्यंत हसत होता. पाचव्यावर हसू गेलं. सहाव्यावर हात थांबला, आणि त्याने ते दोन्ही हातांनी खाली ठेवलं.

"बाबा हे उचलायचे? रोज?"

मुलगी वाकली. तिने एका हाताने थोरलं हलवून बघितलं, मग दोन्ही हातांनी. ते जागचं सरकलं तेवढंच. ती तशीच वाकलेली राहिली आणि म्हणाली, "आई, हे पोकळ नव्हतं?"

"नाही गं," वहिनी म्हणाल्या.

 भिंतीवर यजमानांचा फोटो होता, काटकुळा माणूस, घट्ट बाह्यांचा शर्ट, तोंडभर हसू. मुलीने डोळे पुसले आणि जे विचारायला आली होती ते विचारलं. तू कुठवर आलीस?

"सातव्यावर अडकले," वहिनी म्हणाल्या.

माझ्या तोंडात बिस्कीट होतं. नसतं तरी मी बोलले नसते, आणि हे माझ्याबाबतीत किती नवल आहे ते मावशींना विचारा. जावई मान हलवून बायकोला समजावत होता, शेवटचा मजला सगळ्यात अवघड, वर्षसुद्धा लागेल, आईंना घाई करू नकोस. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. मुलीने हो-हो केलं, आईचा दंड एकदा हातात धरून दाबून बघितला, आणि संध्याकाळच्या आत दोघं निघाली.

वहिनी गॅलरीत उभ्या राहून हात हलवत होत्या. गाडी वळणाआड गेली तरी हात तसाच वर, कोपर ताठ. बाही खांद्यापर्यंत सरकलेली, आणि त्यांनी ती खाली ओढली नाही. मी कपबशा गोळा करत मागून म्हटलं, वहिनी, मंगळवारी आठव्याचं दार उघडलं होतं. माझं छत खोटं बोलत नाही.

त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "उघडलं होतं. बाहेर कुणी उभं नव्हतं, मग परत खाली आले."